डॉक्टरसाहेब, बैलाची कूस भरली तरी जुंपायची घाई नको, हे तुम्ही समजावलंत

आदरणीय डॉक्टरसाहेब,
स. न. वि. वि.

चारा छावणीच्या पत्र्यावर तुम्ही खडूनं लिहून दिलेलं वेळापत्रक आम्ही अजून पुसू दिलेलं नाही. त्यातल्या प्रत्येक ओळीमागचं कारणही तुम्ही सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

उपाशी जनावर आलं की हात आधी भरड्याकडे जातो. कोठीपोटातले, म्हणजे चारा आंबतो त्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातले, जंतू उपासानं रोडावलेले असतात. त्यात एकदम ज्वारीचा भरडा पडला की आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, शेण पातळ आणि आंबूस होतं, जनावर बसतं ते उठत नाही. म्हणून पहिल्या दिवशी पाणी थोडं थोडं आणि कडब्याची कुट्टी दोन-तीन किलो, तीही चार-पाच वेळा विभागून. पुढे कुट्टी रोज थोडी वाढवायची. भरडा चौथ्या दिवशी पाव किलो, मग दिवसाआड पाव-पाव किलोनं वाढ. खनिज मिश्रण 50 ग्रॅम. युरिया प्रक्रियेचा चारा पहिले दोन आठवडे नाहीच.

सगळ्यांत मोलाचं होतं ते स्नायूतल्या ग्लायकोजेनबद्दलचं, म्हणजे कामाच्या ताकदीसाठी साठवलेल्या साखरेबद्दलचं. माणूस भात-भाकरी खाऊन दिवसभरात हा साठा बराचसा भरून काढतो. बैलाला ते जमत नाही, कारण त्याच्या आतड्यातून रक्तात थेट ग्लुकोज फारच थोडं उतरतं. कोठीपोटात चारा आंबून प्रोपिऑनिक आम्ल तयार होतं, यकृत त्यातून ग्लुकोज घडवतं, आणि मेंदूची, इतर अवयवांची गरज भागल्यावर स्नायूंची पाळी येते. चांगल्या खुराकावरही त्याला कित्येक दिवस लागतात. नुसत्या कडब्यावर त्याहून जास्त.

निवांत बांधलेल्या जनावराचा हा साठा उपासानं हळूच उतरतो. आधी संपतं ते यकृतातलं ग्लायकोजेन. स्नायूतल्या ग्लायकोजेनपासून ग्लुकोज करून रक्तात सोडणारं विकर (एन्झाइम) स्नायूत नसतंच, त्यामुळे तो साठा स्नायूलाच वापरावा लागतो. टेम्पोतली ओढाताण, भीती आणि अनोळखी बैलांची झुंज मात्र तो काही तासांत ओरबाडून नेतात. गावोगावचे बैल वेगवेगळे बांधा, ही तुमची सूचना चाऱ्याइतकीच महत्त्वाची आहे.

कूस, म्हणजे उपासानं खोल गेलेली पोटाची बाजू, वर आलेली दिसली की मालक तिसऱ्याच दिवशी बैल न्यायला येतात. ती चारा-पाण्यानं भरली आहे, स्नायूपर्यंत अजून फारसं काही पोचलेलं नाही, हे आता आम्ही त्यांना सांगू शकतो. दहा दिवस तरी औताला जुंपायचं नाही, ही ओळ आम्ही पत्र्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत गिरवली आहे.

आपले,
छावणीतले सर्व कार्यकर्ते