कादंबरीतील अलंकार ‘जणू’पाशी थांबत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अकरावीत शिकणारी शेजारची एक मुलगी गेल्या महिन्यात प्रकल्पाची वही घेऊन माझ्याकडे आली. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’तील अलंकार आणि भाषासौंदर्य यांवर तिला लिहायचे होते. पुस्तक तिने मनापासून वाचले होते, ‘जणू’, ‘सारखा’, ‘प्रमाणे’ हे शब्द दिसतील तिथे पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, आणि तरीही मजकूर दीड पानापुढे सरकत नव्हता. “आजी, यात अलंकार फारसे नाहीतच, मग लिहू काय?” तिचा चेहरा रडवेला झाला होता.

दोष तिचा नाही. उपमेय, उपमान, साम्यवाचक शब्द आणि पाठ केलेली कवितेची ओळ एवढ्यावर आपण अलंकाराचा धडा संपवतो. मीही अनेक वर्षे वर्गात तेच केले, याची आज खंत वाटते. ओळीत मावणारा अलंकार या पद्धतीने सापडतो. कादंबरीतील अलंकार मात्र पुष्कळदा ओळीत नसतोच. तो निवेदकाच्या निवडीत, घटनांच्या क्रमात, एखाद्या शब्दाच्या सवयीत असतो.

‘बनगरवाडी’ (1955) मधली तालीमच पाहा. औंध संस्थानातल्या, माणदेशातील एका धनगरवस्तीवर तरुण मास्तर येतो, आणि त्याच्या पुढाकाराने सारी वाडी अंगमेहनत करून तालीम उभी करते. तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब वाडीत येतात. त्यानंतर पाऊस दगा देतो, मेंढरे आणि माणसे गाव सोडतात. ज्या अंगांसाठी तालीम बांधली, ती अंगेच वाडीत उरत नाहीत. इथे तालीम हे प्रतीक आहे आणि तिच्या पाठोपाठ दुष्काळ आणण्यात दैवाचा उपरोध आहे. पण दोन्हींना ‘जणू’ लागत नाही, कारण लेखकाने केवळ घटनांचा क्रम लावला आहे. हे सांगताच त्या मुलीने शेवटची पाने उलटून पाहिली आणि विचारले, “म्हणजे रिकामी वाडीसुद्धा अलंकारच का?” तिचा प्रश्न मला उत्तराहून मोलाचा वाटला.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ची (1963) सुरुवात तर एका शब्दावर तोललेली आहे: “मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.” वय ही काही उदाहरणादाखल सांगायची गोष्ट नव्हे, माणूस पंचवीस वर्षांचा असतो किंवा नसतो. व्याकरणाच्या आणि गणिताच्या पुस्तकातला हा कोरडा शब्द स्वतःच्या आयुष्यापुढे ठेवताच बोलणारा स्वतःपासून हातभर दूर जाऊन उभा राहतो, आणि त्याचे जगणे अशाच असंख्य जगण्यांतला एक नमुना होऊन जाते. पुढे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पुन्हा पुन्हा भेटतात, तेव्हा ती लकब म्हणून सोडून देणे म्हणजे कादंबरीचा गाभाच निसटू देणे होय. अलंकारांच्या कोणत्याही शालेय यादीत या युक्तीला नाव नाही, आणि म्हणूनच विद्यार्थी तिच्यावरून पुढे निघून जातात.

हरिभाऊ आपटे यांनी 1890 मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी नायिका यमुनेच्याच तोंडून सांगितली, ही निवडसुद्धा अशीच अभ्यासण्याजोगी आहे.

आपल्याकडे अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ जुळत नसेल तेव्हा घ्यायचा जवळचा अर्थ), व्यंजना (सुचवलेला अर्थ) ही शब्दशक्तींची जुनी आणि समर्थ परिभाषा आहे. ‘बाबा ताटावर बसले’, म्हणजे जेवायला बसले, या लक्षणेच्या ठरावीक उदाहरणापाशी तिला थांबवून न ठेवता कादंबरीच्या उताऱ्याला ती लावून पाहायला हवी. म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, ‘अलंकार ओळखा’च्या जोडीला कादंबरीतला पंधरा-वीस ओळींचा अपठित उतारा द्यावा आणि एवढेच विचारावे: हे कोण सांगत आहे, त्याने काय सांगायचे टाळले आहे, आणि कोणता शब्द बदलला तर उतारा कोसळेल? उत्तरात अलंकाराचे नाव चुकले तरी निरीक्षण बरोबर असल्यास गुण द्यावेत.

आपली,
मराठीची एक निवृत्त शिक्षिका, सातारा