वैलावरची उष्णता

सिंगापूर, शिपयार्ड

ती. आप्पा व सौ. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

आप्पा, परवा तुम्ही विचारलंत, चांगलं चालतं जहाज यार्डात कशाला उभं केलंय? नेमका तेव्हाच फोन कटला, म्हणून लिहितो. आमच्या धुराड्याला कार्बन पकडायचं संयंत्र बसवतायत.

आमचं इंजिन दिवसाला ३० टन फर्नेस ऑइल खातं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो ९३ टन. तेलाच्या तिप्पट धूर कसा, असं तुम्ही म्हणाल. तेलातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, ते वजन त्याचं. जगभरात माणसं सोडतात त्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी शेकडा ३ च्या आसपास जहाजांचा.

धूर आधी गार करून अमाइन नावाच्या रसायनाच्या धारेतून नेतात. साधारण ४० अंशांना ते रसायन वायू पिऊन घेतं, १२० अंशांना तापवलं की सोडून देतं. सुटलेला वायू दाबून, थंड करून त्याचा द्रव करायचा, डेकवरच्या टाक्यांत भरायचा नि बंदरात उतरवायचा. इथल्याच एका यार्डात 'क्लिपर एरिस' या नॉर्वेच्या गॅसवाहू जहाजावर असं संयंत्र बसलंय.

पण रसायन तापवायला उष्णता कुठून आणायची? आई, इथं तुझी चूल आठवते. चुलीवर भाकरी नि वैलावर दूध, दुधासाठी वेगळं सरपण लागत नाही. इंजिनातही तेलाची निम्मीच ताकद जहाज ढकलणाऱ्या पंख्याला मिळते, बाकी धुरातून नि इंजिन गार करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. धुराड्यातल्या नळ्यांत पाणी खेळवून आम्ही वाफ करतो, तीच रसायन तापवायला वापरायची. इंजिनाला गार करून आलेलं पाणी ८० अंशांवर असतं, त्याच्यावर समुद्राचं पाणी उकळतं. भांड्यातली हवा काढून घेतली की ते ४५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. ती वाफ गार केली की दिवसाला २० हजार लिटर गोडं पाणी!

ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला २०१६ चा एप्रिल आठवला. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. आपल्याकडे मात्र टँकरच. आई रात्री दोन वाजता घागरी घेऊन रांगेत उभी राहायची. आजही जहाजावर नळ वाहता दिसला की मी धावत जाऊन बंद करतो.

सगळा वायू पकडायचा तर वैलावरची उष्णता पुरत नाही हेही खरं. मग बॉयलर पेटवायचा, म्हणजे आणखी तेल. टाक्या मालाची जागा खातात, वायू उतरवून घेणारी बंदरं मोजकी, आणि उतरवलेला वायू कायमचा जमिनीखाली गाडला नाही तर सगळी मेहनत फुकट. तरी मी या कामाच्या बाजूचा आहे. जहाज पंचवीस वर्षं चालतं, आज तेलावर धावणारी हजारो जहाजं काही उद्या भंगारात निघणार नाहीत. त्यांचा धूर आत्ताच अडवायला हवा.

आप्पा, औंदा गुऱ्हाळ लागलं की चुलवाणाच्या धुराड्यापाशी हात धरून बघा, किती धग वाया जाते ते. तिथं एक जास्तीची काहील बसवून रस आधीच तापवून घेता येईल का, चुलव्याला विचारा. चिपाड वाचेल. जागेचं माप कळवा, मी नकाशा काढून पाठवतो.

तुमचा,
बाळू