पुनर्परीक्षेची तयारी मे महिन्यावर ढकलू नका: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

शिक्षणहक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्यानेही पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू केली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यावे आणि निकालानंतर दोन महिन्यांत त्याची पुनर्परीक्षा घ्यावी, अशी तरतूद आहे. परीक्षेला माझा विरोध नाही. प्रश्न या दोन महिन्यांचा आहे. आमच्याकडे दापोली-गुहागरच्या बाजूला मे महिन्यात घरोघरी चाकरमानी आलेले असतात, मुले आंब्या-काजूच्या कामात मोठ्यांच्या हाताखाली असतात आणि शाळेला कुलूप असते. शाळा उघडते तेव्हा वहाळांना पाणी आलेले असते. मार्गदर्शन होणार केव्हा?

४०३ मधून १६८ वजा करताना पाचवीतली एक मुलगी दर वेळी ३६५ उत्तर काढते. हे उत्तर आळसातून आलेले नाही. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम तिने मनाशी पक्का केला आहे; दशकस्थानी शून्य असताना शतक सुटे करावे लागते, हे तिला कोणी दाखवलेले नाही. वहीत मात्र फक्त लाल फुली आणि ‘सराव कर’ हा शेरा. तिने चिकाटीने सराव केला, तर चुकीचाच नियम घट्ट होईल, कारण जे वारंवार वापरले जाते तेच जोड मेंदूतल्या पेशींमध्ये बळकट होतात. ते बरोबर की चूक, हे मेंदू आपण होऊन तपासत नाही.

शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवले होते. तोच अभ्यास दिवसांचे अंतर ठेवून, मध्ये झोप होऊ देऊन, पुस्तक मिटून आठवत केला तर तो टिकतो. आठवडाभराचा जादा वर्ग कागदावर शोभतो, एवढेच.

‘प्रयत्न करा, यश मिळेल’ अशी भित्तिपत्रके लावून हे साधणार नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या अभ्यासात, हुशारीची स्तुती झालेली मुले अवघड कोड्यांनंतर खचली आणि मेहनतीची स्तुती झालेली टिकून राहिली, हे खरे. पण पुढे अमेरिकेतच नववीच्या हजारो विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, ‘बुद्धी प्रयत्नाने वाढते’ हे समजावणाऱ्या छोट्या सत्रांचा लाभ माफक दिसला, आणि तोही मुख्यतः मागे पडलेल्या मुलांना. उपयोग आहे, पण शिकवण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

म्हणून विनंती अशी, की जादा मार्गदर्शन दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरू व्हावे, आठवड्यातून दोन ठरलेल्या तासिकांना, आणि प्रत्येक मुलाची चूक कोणत्या प्रकारची आहे याची नोंद शिक्षकाने ठेवावी. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक ऑनलाइन माहिती भरायला बसला की दुसऱ्याच्या गळ्यात सगळे वर्ग पडतात; निदान या दोन तासिकांपुरते तरी त्यांना अशैक्षणिक कामातून मोकळे ठेवण्याचा स्पष्ट शासन निर्णय काढावा. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या तोंडी सूचनेवर तो सोडू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
दापोली तालुका, जि. रत्नागिरी