जळक्या तेलाचा भाव वजनावर नको, टायट्रेशनवर हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उरलेल्या तळणीच्या तेलापासून घरच्या घरी बायोडिझेल करा, असे सुचवणारे टिपण आपल्या पुरवणीत वाचले. बाटलीत तेल, मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून हलवा, रात्रभर ठेवा, सकाळी वरचा थर गाडीत ओता, असा त्याचा सूर होता. कृती खोटी नाही, पण इंधन होणार की साबण हे ज्या दोन आकड्यांवर ठरते तेच त्यात नव्हते: तेलात पाणी किती आणि सुटे आम्ल किती. हे दोन्ही आकडे बाटलीपर्यंत यायच्या आधीच, हलवायाच्या कढईत आणि भट्टीमागच्या डब्यात ठरून गेलेले असतात.

इंदुरात तळणीचा तोटा नाही. सकाळची जिलबी, दुपारची कचोरी, रात्री सराफ्यातला खाऊबाजार, थंडीत गराडू हा तळलेला कंद, आणि बारा महिने शेव. पण ही सगळी तेले एका जातीची नव्हेत. गराडू किंवा बटाट्यातले पाणी गरम तेलात उतरते आणि तेलाचे रेणू फोडून सुटे आम्ल वाढवते. शेवेच्या पिठात मीठ आणि खार असतो. खार तेलातल्या आम्लाशी मिळून कढईतच थोडा साबण करतो, म्हणून जुन्या तेलावर फेस चढतो. तळाशी साचलेला बेसनाचा चुरा गाळला नाही तर तो जळत राहतो आणि तेल लवकर काळवंडते. जिलबीची कढई वनस्पती तुपाची असेल तर ते तूप थंडीत डब्यातच थिजते. हे सारे एका पिंपात ओतले की चांगल्या तेलाचेही मातेरे होते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे तळून तळून तेल बिघडल्याने होणारे पदार्थ, २५ टक्क्यांहून अधिक झाली की ते खाण्यासाठी वापरता येत नाही. रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणीला लावणाऱ्यांनी वापराची आणि विल्हेवाटीची नोंद ठेवायची आहे. हाती धरायचे मीटर गरम तेलात बुडवले की अर्ध्या मिनिटात आकडा दिसतो. अडचण पुढे आहे. मोठ्या दुकानातले उतरलेले तेल छोट्या गाडीवाल्याला स्वस्तात हवेच असते, आणि इंधनवाला त्याच्यापेक्षा कमी भाव देत असेल तर तेल कुठे जाईल हे सांगायला नको. नोंदवही तेलाला थांबवत नाही, भाव थांबवतो.

म्हणून सूचना अशी: तेल उचलतानाच टायट्रेशन करावे, म्हणजे त्यातले सुटे आम्ल मारायला कॉस्टिक किती लागते ते मोजावे, आणि भाव त्या आकड्यावर द्यावा. परीक्षा पाच मिनिटांची आहे. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून ठेवायचा. १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलात फिनॉल्फ्थॅलिन या रंगसूचकाचे दोन थेंब टाकायचे आणि जेमतेम गुलाबी छटा येईपर्यंत तेच कॉस्टिकचे पाणी थेंबथेंब घालायचे, कारण अल्कोहोल स्वतःही थोडे आम्ल असते. मग त्यात गाळलेले कोमट तेल १ मिली घालून ढवळायचे, रंग जातो. आता सिरिंजने कॉस्टिकचे पाणी मोजत सोडायचे. गुलाबी रंग १० सेकंद टिकला की थांबायचे. जितके मिली लागले, तितके ग्रॅम कॉस्टिक दर लिटर तेलामागे नुसते आम्ल मारण्यात जाणार. फिनॉल्फ्थॅलिन नसेल तर अल्कोहोलात भिजवलेली हळदही चालते; पिवळी लालसर झाली की झाले. तेल घट्ट असल्याने १ मिली मोजताना हमखास चूक होते, म्हणून परीक्षा तीनदा करून सरासरी घ्यावी.

आकडा २ च्या आत असेल तर पूर्ण भाव, २ ते ५ असेल तर कमी, ५ च्या वर गेला तर वेगळे पिंप. ५ च्या वरचे तेल फुकट जात नाही: आधी गंधकाम्ल घालून सुट्या आम्लाचेच एस्टर, म्हणजे बायोडिझेल, करून घेता येते, साबणवाला घेतो, बॉयलरलाही चालते. पण चांगल्या तेलात ते मिसळू नये. हलवायाला एकदा कळले की तेल दोन दिवस आधी उतरवले तर किलोमागे जास्त पैसे मिळतात, की तो मीटर न लावताही वेळेवर उतरवेल.

आता कारखान्यातला हिशेब. आकडा २ आलेले १०० लिटर तेल धरू. ताज्या तेलाला लिटरमागे ३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. त्यात २ मिळवून ५.५, म्हणजे एकूण ५५० ग्रॅम. पोटॅशचे कॉस्टिक वापरायचे तर १.४ ने गुणायचे आणि शुद्धतेने भागायचे. ९० टक्के शुद्धतेच्या मालाला सुमारे ८५५ ग्रॅम. ते महाग पडते, तरी इथल्या हवेला बरे. सोडा वापरला तर बायोडिझेलबरोबर तयार होणारे ग्लिसरीन जानेवारीत टाकीच्या तळाशी दगडासारखे बसते आणि व्हॉल्व्ह तुंबतो. पोटॅशचे पातळ राहते. दोन्ही कॉस्टिके हवेतला ओलावा ओढतात. आषाढात पिशवी उघडी राहिली तर ५५० ग्रॅमच्या तोलात कॉस्टिक किती आणि पाणी किती, याचा भरवसा नाही.

मिथेनॉल २० लिटर. हिशेबाने साडेबारा लिटर पुरायला हवे, पण तेल आणि मिथेनॉलची ही अभिक्रिया उलटही फिरते, म्हणून जादा घालून ती पुढे ढकलावी लागते. तेल आधी ६० अंशांवर तापवून दिवसभर निवू द्यायचे आणि तळाचे पाणी काढायचे. खळखळून उकळू नये; त्याने सुटे आम्ल आणखी वाढते. पाणी राहिले की नाही हे तापल्या तव्यावर चार थेंब टाकून कळते: तडतडले तर आहे. नेमके हवे असेल तर १०० ग्रॅम तेल १२० अंशांवर धरून पुन्हा तोलावे. अर्धा ग्रॅम घटले तर अर्धा टक्का पाणी.

कॉस्टिक मिथेनॉलमध्ये बंद भांड्यात विरघळवायचे. भांडे गरम होते, ते अपेक्षितच आहे. मग मिश्रण ५५ अंशांच्या तेलात सोडून तासभर ढवळायचे. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते, म्हणून त्याच्या जवळ जाऊ नये. भांडे स्टीलचे किंवा लोखंडाचे हवे. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले घेतले तर कॉस्टिक त्यालाच खाते आणि हायड्रोजन सुटतो. आपल्या टिपणातल्या चित्रात नेमके तसलेच पातेले दिसत होते. रात्रभरात तळाशी गडद ग्लिसरीन आणि वर पिवळट बायोडिझेल असे दोन थर होतात.

बिघडते ते बहुधा दोन प्रकारे. तेलात आम्ल जास्त असेल तर साबण जास्त होतो. प्रत्येक ग्रॅम जादा कॉस्टिकमागे सुमारे साडेसात ग्रॅम साबण धरावा: आकडा २ असताना १०० लिटरमागे दीड किलो, ६ असताना साडेचार किलो. एवढ्या साबणात थर वेगळे होतच नाहीत, अख्खी टाकी खरवसासारखी थरथरते. दुसरा बिघाड उलट्या बाजूचा. कॉस्टिक किंवा मिथेनॉल कमी पडले तर तेल अर्धवटच बदलते, आणि हे अर्धे बदललेले रेणू स्वतःच तेल-पाणी एकजीव करतात. मग धुताना टाकीत ताक होते आणि दोष पाण्यावर येतो. म्हणून धुण्याआधी २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल घालून हलवावे आणि अर्धा तास ठेवावे. सगळे विरघळले तर ठीक. तळाशी तेलाचा थेंब दिसला तर अभिक्रिया पुन्हा करावी लागणार.

धुणे तीनदा, दर वेळी इंधनाच्या एक तृतीयांश कोमट पाण्याने. पहिले पाणी फवाऱ्याने हलकेच सोडावे, घुसळू नये. नंतर इंधन इतके नितळ हवे की बरणीच्या आरपार आपल्या वर्तमानपत्राचा मजकूर वाचता यावा. पण नितळ म्हणजे कोरडे नव्हे. बायोडिझेल डिझेलपेक्षा बरेच अधिक पाणी पोटात दडवते. बायोडिझेलच्या मानकात पाण्याची मर्यादा किलोमागे ५०० मिलिग्रॅमची आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. शिवाय एस्टरचे प्रमाण किमान ९६.५ टक्के लागते. तेही प्रयोगशाळाच सांगू शकते.

१०० लिटर इंधनामागे जवळपास तेवढेच साबण-मिथेनॉलचे पाणी निघते. ते घरच्या मोरीत सोडले तर कान्ह आणि सरस्वती या नद्यांकडेच जाणार, आणि सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत न सोडणारे ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून आपण २०२१ साली मिरवलो आहोत. ग्लिसरीनमधले मिथेनॉल उडवून, गार करून परत मिळवता येते. उरलेले ग्लिसरीन थोड्या प्रमाणात बायोगॅसच्या टाकीला चालते, गॅस वाढतोच. एकदम ओतले तर टाकी आंबते. शहरालगत देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करणारा, २०२२ साली रोज ५५० टनांच्या क्षमतेने सुरू झालेला प्रकल्प उभा आहे, तेव्हा तिथल्या तंत्रज्ञांना हे नवे नाही.

घरी का करू नये, याचे उत्तर मिथेनॉल. ते पोटात गेले तर दृष्टी जाते, कातडीतूनही शिरते, आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. गॅसच्या शेगडीवर मिथेनॉलचे भांडे तापवणे म्हणजे आगीला आवतण आहे. शिवाय दोन लिटर तेलासाठी टायट्रेशन, धुणे, वाळवणे असा खटाटोप करून पदरी दीड लिटर इंधन पडणार. घरातले तेल बाटलीत गाळून साठवावे आणि उचलणाऱ्याला द्यावे. कचऱ्याचे सहा प्रकार वेगळे करायला शिकलेल्या शहराला सातवी बाटली जड नाही.

आणि गाडीत? नुसते गाळलेले तेल तर मुळीच ओतू नये. ते डिझेलच्या सुमारे दहापट घट्ट असते. इंजेक्टरच्या तोंडाशी कोळसा धरतो, रिंगा चिकटतात. बायोडिझेलही कंपनीने मान्य केलेल्या प्रमाणाबाहेर नको. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी साफ करायला सिलिंडरमध्ये उशिराने इंधन सोडतात. त्यातले बायोडिझेल उडून न जाता इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. जुन्या इंजिनांचा त्रास निराळा: रबरी नळ्या फुगतात, आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटून फिल्टर भरतो. सुरुवातीला एक फिल्टर लवकर बदलण्याची तयारी ठेवावी, एवढाच त्यावर उपाय.

थंडीचे मात्र विसरले जाते. सोयाबीन तेलाचे बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपास धूसर होते, पामतेलाचे १३ ते १६ अंशांतच. इंदुरात जानेवारीच्या पहाटे पारा १० च्या खाली जातो. म्हणजे पामोलिनच्या कढईतले इंधन जूनमध्ये उत्तम चालेल आणि गराडूच्या दिवसांत फिल्टरमध्ये मेण होऊन बसेल. म्हणून डब्यावर तारखेबरोबर तेलाची जातही लिहावी: सोया, पाम, वनस्पती. पामचा माल उन्हाळ्यात डिझेलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळून मॅरेज गार्डनच्या जुन्या जनरेटरांना द्यावा, अर्थात त्या जनरेटरच्या कंपनीला ते मान्य असेल तर. पण लग्नसराई संपल्यावर टाकीत पडून राहू देऊ नये; सहा महिन्यांत ते हवेने आंबट होते, आणि पितळ-तांब्याच्या जोडांशी गाठ पडली तर त्याहून लवकर.

२०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचे लक्ष्य आहे. रतनजोतीच्या, म्हणजे मराठीतल्या मोगली एरंडाच्या, लागवडीचा गाजावाजा आपण पाहिला. बिया पुरेशा आल्या नाहीत. खाद्यतेल आपण निम्म्याहून अधिक आयात करतो, तेव्हा ताजे तेल जाळणे परवडणारे नाही. उरते ते कढईतले. तेल उचलणाऱ्या प्रत्येक गाडीत एक सिरिंज, एक फिनॉल्फ्थॅलिनची बाटली, एक तवा आणि भावाचे तीन दर लिहिलेली पाटी असावी. आणि मावा, पाणी किंवा पीठ मिसळलेला डबा तिथेच परत करण्याची मुभा तेल उचलणाऱ्याला असावी.

आपला,
एक रसायन अभियंता
रामबाग, इंदूर