सायकलवर छत्री धरणाऱ्या काकांना

काका, स.न.वि.वि.

समोर बसून बोललो असतो तर ‘पुरे रे’ म्हणून तुम्ही उठून गेला असतात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे तीन एफटीपी होते. माणूस एक, सायकल एक, आणि तासाभराच्या आसपास टिकेल अशा ताकदीचे आकडे तीन. घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल एका जागी चालवायच्या यंत्रावर, दर मिनिटाला जोर वाढवत थकेपर्यंत द्यायच्या रॅम्प टेस्टचा २५८ वॉट, वीस मिनिटांच्या टेस्टचा २३२, आणि एक सॉफ्टवेअर रोजच्या राइडवरून आपणच काढायचं तो २११. ज्यांना तीन महिन्यांची फी आगाऊ मोजली होती त्या कोचना विचारलं, तर उत्तर आलं, ‘मोठा धरा, मोटिव्हेशन राहतं.’ धरला. दर मंगळवारी इंटरव्हल, म्हणजे मध्ये दम घेत जोर लावायचे टप्पे, अर्ध्यावर सुटायचे, रात्री झोप नाही, सकाळी भाट्याच्या पुलावरच पाय दगड. पुन्हा विचारलं तर म्हणाले, मेंटल ब्लॉक आहे. फीच्या आड तो कधी आला नाही.

तुम्ही आयुष्यभर आयटीआयत मापनयंत्रं शिकवलीत. माझे तीन आकडे ऐकून तुम्ही एवढंच म्हणालात, ‘मिरकरवाड्यावर सुरमई तीन काट्यांवर तीन वजनांची भरली, तर तू सुरमईला दोष देशील की काट्याला?’ मग क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांडीच्या, आतल्या बाजूचा चिखल अंगठ्याने पुसलात. खाली लांबी कोरलेली होती, १७० मिलिमीटर; ॲपमध्ये मी १७५ भरलेलं. वॉट मोजणारं मीटर त्याच दांडीत, आणि त्याचा हिशेब त्या लांबीवर. २३२ मधले सहा-सात वॉट तिथेच गळाले. रॅम्पमध्ये शेवटच्या एका मिनिटाच्या ७५ टक्के धरतात, त्यामुळे माझ्यासारख्या छोट्या चढावर उसळणाऱ्याचा आकडा फुगतो, आणि मी बाहेर कधी जीव तोडून चालवतच नाही म्हणून सॉफ्टवेअर मला कमी धरतं, हेही तुम्हीच सांगितलंत. आरे-वारेच्या रस्त्यावर सलग जोर लावायला जागाच कुठे आहे म्हणा. चढ संपतो न संपतो तोच उतार!

म्हणून आपण साखरप्याला गेलो, आंबा घाट चढायला. सायकल गाडीच्या टपावर उन्हात तापलेली. मी चढायच्या घाईत, आणि तुम्ही म्हणालात, ‘थांब. तापलेल्या क्रँकमधल्या मीटरचं शून्य सरकतं. आधी निवू दे.’ सावलीला झाड नव्हतं. तुम्ही ती काळी छत्री उघडलीत, एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि वाकून सायकलवर धरलीत. दहा मिनिटं. स्वतःच्या डोक्यावर ऊन, कानामागून घाम ओघळतोय, आणि सावली माझ्या क्रँकला. मग म्हणालात, ‘हां, आता शून्य कर.’

त्या दिवशी २३६ ने निघालो, पंचविसाव्या मिनिटाला पाय बसले. पुढच्या रविवारी पुन्हा छत्री, पुन्हा तीच दहा मिनिटं. २२६ ने चाळीस मिनिटं गेलो, आणि वर पोचून धड वाक्य बोलू शकलो. तुम्ही स्क्रीनकडे पाहिलंही नाहीत. आधी विचारलंत, ‘श्वास कसा होता?’

काका, त्या तीन महिन्यांत माझ्या झोपेबद्दल कुणी विचारलं नव्हतं. सायकल केवढ्याची हे मात्र सगळ्यांनी विचारलं. तुम्ही ते अजून विचारलेलं नाही. समोरच्याला मूर्ख न ठरवता त्याची चूक पुसून दाखवणारी माणसं आपल्या रत्नागिरीत अजून आहेत, आणि ती पाटी लावून बसत नाहीत, म्हणून सापडायला वेळ लागतो. मला तर तीन महिन्यांची फी लागली.

आता इंटरव्हल पुरे होतात. रात्री साडेदहाला डोळा लागतो.

छत्री माझ्या गाडीतच राहिलीय. काडी बदलून घेतली आहे, रागावू नका. रविवारी आणून देतो.

तुमचा,
२२६ वॉटवाला