रांग नेमकी कुठे आहे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेतून होणाऱ्या हद्दपारीवर आपल्या दैनिकात सध्या वाचकांची पत्रे येत आहेत. बहुतेकांचा सूर एकच: 'आमची मुले कायद्याने गेली, रांगेत उभी राहिली. घुसखोरांना हाकलले तर बिघडले कुठे?' मी गेली ५५ वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि १९७७ पासून अमेरिकेचा नागरिक आहे. मीही 'कायद्याने'च आलो, म्हणून त्या रांगेविषयी चार शब्द लिहितो.

१९७० साली सांगलीहून मुंबईला जाऊन मी ब्रीच कँडीच्या अमेरिकन वकिलातीत कागद दिले. इंजिनिअरिंगची पदवी होती, दोन वर्षांचा अनुभव होता. अमेरिकेत नोकरी सोडाच, ओळखीचे कुत्रेही नव्हते. सात महिन्यांत कायम वास्तव्याचा व्हिसा हातात पडला. विमानात बसलो तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या कृपेने खिशात ८ डॉलर होते; परकीय चलन तेवढेच मिळे. हे आठ डॉलर आमच्या पिढीने इतक्या समारंभांत सांगितले आहेत की नातवंडे ते वाक्य आता आमच्या आधी पूर्ण करतात. सांगत नाही ते एवढेच, की १९६५ च्या आधी भारताच्या वाट्याला वर्षाला १०० जागा होत्या, आणि १९४६ पर्यंत तेवढ्याही नव्हत्या. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली, १९६८ मध्ये तो पुरता लागू झाला आणि देशामागे वर्षाला २० हजारांची मर्यादा आली. त्या वेळी भारतातून तेवढे लोक येतच नव्हते. म्हणजे मी रांगेत उभा राहिलोच नाही. दार उघडे होते, चालत आत आलो.

आजची रांग कशी आहे ते बघा. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे ठेवली, तीही बायकामुले धरून. एका देशाला त्यातली ७ टक्के. हिशेब ९,८०० वर येतो. भारताला ती मर्यादा, आणि आइसलँडलाही तीच! इतर गटांतल्या उरल्यासुरल्या जागा कधी मिळतात, कधी नाही. पदव्युत्तर पदवीवाल्या भारतीयांच्या गटात २०१३ च्या सुमारास अर्ज केलेल्यांचा नंबर आत्ता कुठे लागतो आहे. परराष्ट्र खाते दर महिन्याला नव्या तारखांचे पत्रक काढते. आमच्या एडिसनमधली तरुण मंडळी ते पंचांगासारखी उघडतात आणि तारीख दोन आठवडे पुढे सरकली तरी एकमेकांचे अभिनंदन करतात. तेवढ्यात मुलगी २१ वर्षांची झाली, तर आईबापांच्या व्हिसावरून तिचे नाव निघते आणि जिथे ती बालवाडीपासून शिकली तिथेच ती परदेशी विद्यार्थिनी होते. सप्टेंबर २०२५ मध्ये नोकरीसाठीच्या तात्पुरत्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले तेव्हा सुटीवर भारतात गेलेले कितीतरी जण तशाच बॅगा उचलून विमानतळाकडे धावले. ते शुल्क त्यांना लागूच नव्हते, हे दुसऱ्या दिवशी कळले. हे सगळे कायदेशीर लोक बरे का!

नात्यागोत्याच्या रांगेचा अनुभव तर घरचाच आहे. माझी बहीण आमच्या घरातले शेंडेफळ, माझ्याहून १५ वर्षांनी लहान. आईवडील होते तोवर ती देश सोडायला तयार नव्हती. २००६ साली मी तिच्यासाठी अर्ज भरला. तेव्हा तिचा मुलगा १४ वर्षांचा होता, आठवीत. गेल्या वर्षी कागद आला, की आता तुमची पाळी. मुलगा ३३ वर्षांचा झाला होता, २१ च्या कधीच पुढे, अर्थात बाद. तिला फोन केला तर म्हणाली, "दादा, पोराला इथं टाकून मी तिथं येऊन काय करू? तुझ्यासंगं बर्फ बघत बसू?" एकोणीस वर्षांच्या रांगेचा निकाल हा.

बर्फावरून आठवले. गेली नऊ वर्षे आमच्या दारातला बर्फ उकरायला एक इक्वेडोरचा माणूस येई. त्याचे कागद मी कधी विचारले नाहीत. सौजन्य म्हणून नव्हे. विचारले असते तर तो दर मिळाला नसता. दोन वर्षांपूर्वी वकिलाचे एक पत्र घेऊन तो आला. इंग्रजी बेताचे, म्हणून बारा वर्षांची मुलगी दुभाषी म्हणून सोबत होती. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी ते मोठ्याने वाचले आणि ती पोर बापाला स्पॅनिशमध्ये सांगत गेली. मुली इथे जन्मल्या, त्यामुळे नागरिक. थोरली २१ ची झाली की बापासाठी अर्ज करू शकते. पण तो चोरवाटेने सीमा ओलांडून आलेला, म्हणून व्हिसा घ्यायला मायदेशी जायला हवे. आणि १९९६ च्या कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त काळ बेकायदा राहिलेला माणूस एकदा बाहेर गेला की १० वर्षे त्याला परत येता येत नाही. या वाक्यापाशी पोरगी थांबली आणि मलाच म्हणाली, "हे पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचले. तिने ते बापाला सांगितले की नाही, मला माहीत नाही. स्पॅनिश मला येत नाही.

'बाहेर जा आणि नीट मार्गाने या' म्हणणाऱ्यांना हे कलम ठाऊक असावे असे वाटत नाही. मलाही त्या दिवसापर्यंत नव्हते.

सीमेवर पहारा नको असे मी म्हणत नाही. गुन्हे करणाऱ्यांना परत पाठवावे, यातही वाद नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला उतरवले, त्यात तिघे महाराष्ट्रातलेही होते. एजंटांना लाखो रुपये मोजून 'डंकी'ने, म्हणजे देशोदेशींच्या चोरवाटांनी, जाणाऱ्यांचे मी समर्थन करणार नाही. बेड्यांचे मात्र अजिबातच नाही. माझे म्हणणे एवढेच, की धरपकड आणि कायद्याची दुरुस्ती ही एकाच गाड्याची दोन चाके आहेत आणि इथे एकच चाक फिरवले जाते. १९८६ मध्ये रेगन यांच्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कागद दिले आणि यापुढे बेकायदा माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला दंड होईल असे ठरले. कागद मिळाले, दंड बहुतेक कागदावर राहिला. २०१३ मध्ये सेनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मोठे विधेयक मंजूर केले. त्यात सीमेवर जादा पहारा होता, कागद नसलेल्यांना मार्ग होता आणि आपल्या मुलांना छळणारी देशनिहाय मर्यादाही नोकरीच्या गटातून जाणार होती. प्रतिनिधीगृहाने ते मताला टाकलेच नाही. म्हणजे इक्वेडोरच्या माणसाचे आणि तुमच्या मुलाचे काम एकाच फाइलमध्ये अडकले होते. आमच्या कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना ही जोडी पसंत पडत नाही. 'आपण वेगळे' हा आमचा लाडका सिद्धांत आहे.

त्या वेगळेपणाची ताजी किंमत सांगतो. नागरिकाने जवळ काही बाळगावे असा या देशात कायदा नाही. तरी धरपकडीच्या धास्तीने धाकट्या मुलाने गेल्या हिवाळ्यात माझ्यासाठी पासपोर्ट कार्ड काढले आणि फिरायला जाताना खिशात ठेवायला लावले. ८ डॉलर असायचे त्याच खिशात, असे मी गमतीने म्हणालो. तो हसला नाही.

या वर्षी बर्फ उकरायला कोणी आले नाही. शेजारच्या मुलाने दुप्पट पैसे घेतले आणि पायऱ्या तशाच सोडल्या. 'रांगेत या' असे लिहिणाऱ्या आपल्या वाचकांनी ती रांग कुठल्या खिडकीसमोर लागते तेवढे कृपया कळवावे. त्या माणसाला सांगायचे होते, पण त्याचा फोन डिसेंबरपासून बंद आहे.

आपला,
एक निवृत्त अभियंता, एडिसन, न्यू जर्सी
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये ही विनंती.)