बार्झिक यांचं नाव राहून गेलं

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला व्हिडिओ कलेवरचा लेख मन लावून वाचला. नाम जून पाइक, ॲलन कॅप्रो या कलावंतांवर भरभरून लिहिलंय, ते रास्तच. पण या मंडळींना टेलिव्हिजनच्या स्टुडिओत शिरकाव मिळवून देणारे निर्माते-दिग्दर्शक फ्रेड बार्झिक यांचा साधा उल्लेखही नाही, हे मनाला लागलं.

मी टीव्ही स्टुडिओत व्हिजन मिक्सरवर, म्हणजे कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर जाईल ते बदलणाऱ्या यंत्रावर, नोकरी केली. कॅमेरा चुकून मॉनिटरकडे वळला आणि चित्रात चित्र शिरत गेलं, की आमच्या कंट्रोल रूममध्ये आरडाओरडा व्हायचा. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या ‘डब्ल्यूजीबीएच’ या सार्वजनिक वाहिनीत बार्झिक यांनी अशाच ‘बिघाडां’ना प्रसारणाची वेळ मिळवून दिली. मार्च १९६९ मधल्या ‘द मीडियम इज द मीडियम’ या कार्यक्रमात त्यांनी सहा कलावंतांचं काम दाखवलं. त्यातल्या कॅप्रोंच्या तुकड्यात चार ठिकाणची माणसं पाच कॅमेरे आणि २७ मॉनिटरनी जोडली होती. कोणाला कोण दिसेल ते कॅप्रो स्वतः कंट्रोल रूममध्ये बसून ठरवत होते आणि ओळखीचा चेहरा दिसला की लोक पडद्याला ‘हॅलो’ म्हणत होते. बाहेरच्या माणसाला कंट्रोल रूमची सूत्रं देणं म्हणजे काय, हे त्या खुर्चीत बसलेल्यालाच कळेल! पुढच्याच वर्षी पाइक आणि इंजिनिअर शुया आबे यांच्या व्हिडिओ सिंथेसायझरची, म्हणजे चित्राचे रंग-आकार बदलणाऱ्या यंत्राची, चित्रं तिथून सलग चार तास थेट प्रक्षेपित झाली. काही बिनसलं असतं तर जाब निर्मात्यालाच विचारला गेला असता.

बार्झिक निव्वळ प्रयोगांतच रमले असं नाही. अर्सुला ले ग्विन यांच्या कादंबरीवरचा ‘द लेद ऑफ हेवन’ (१९८०) हा टीव्ही चित्रपट त्यांनी डेव्हिड लॉक्सटन यांच्यासह तुटपुंज्या पैशांत उभा केला. १९८८ मध्ये प्रसारणाचे हक्क संपले आणि हा चित्रपट थेट २००० साली पुन्हा दिसला, तोही बीटल्सच्या मूळ गाण्याऐवजी दुसऱ्यांनी गायलेलं गाणं घालून. चित्रकाराचं चित्र संग्रहालय जपतं. टीव्हीवाल्याचं काम मात्र टेप आणि करारांच्या भरवशावर राहतं, म्हणून ते लिहून ठेवणं अधिक गरजेचं.

लेखकांना विनंती, पुढच्या भागात निर्माते, इंजिनिअर आणि संकलक यांच्याकडेही वळावं. सुरुवात बार्झिक यांच्यापासून करता येईल.

– एक निवृत्त व्हिजन मिक्सर